चौकाची मधली जागा

तुमची प्रेरणा काय, असं प्रदर्शनवाल्या बाईंनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. पार्सलचा पुठ्ठा. माझी लेक इथे नर्स आहे, दुकानात जायला तिला वेळ कुठला, म्हणून लंडनच्या हॅरोतल्या आमच्या फ्लॅटवर रोज एक तरी खोकं येतं. एवढा चांगला पुठ्ठा रिसायकलिंगमध्ये टाकायला माझा हात होईना. त्याला उकळलेल्या चहाचा चोथा चोळला की आमच्याकडच्या भिंतीसारखा रंग येतो. वर तांदळाच्या पिठाने चित्र काढायचं. माशांचं जाळं हवं असलं की कांद्याची लाल जाळीची पिशवी कापून चिकटवायची. हॉस्पिटलच्या पत्रांतून झाडांची पानं कापायची, पत्रं काय कमी येतात? याला मिक्स्ड मीडिया म्हणतात, हे मला इथे आल्यावर कळलं.

बाईंनी वहीत लिहिलं, ‘निसर्गाशी एकरूप’. मी चिकनच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहते.

बाई मूळच्या पुण्याच्या. आपल्याकडच्या कलांची प्रदर्शनं भरवतात. मला मावशी म्हणतात, आणि मी शेजारी उभी असताना पाहुण्यांना माझी माहिती सांगतात, एखादं जुनं कपाट दाखवावं तशी. पहिल्या भेटीला वारली चित्रांचा कुर्ता घालून आल्या होत्या. त्यावर नाचणारे सगळे तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करून. आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत. कुर्ता महागाचा होता, हे त्यांनीच दोनदा सांगितलं.

मी कुठल्या शाळेत शिकले नाही, ना चित्र ना अक्षर. अक्षरं लेकीच्या पाटीवर गिरवली. चित्र आईचं बघून. पाड्यावर कुणाचं लग्न निघालं की सवासिणी भिंतीवर चौक काढायच्या आणि आम्ही पोरी पीठ कालवून द्यायचो. चौकाच्या मध्ये देवी बसते. ती बसली की लग्न लागतं. लग्न नसेल तर चौक नाही, आणि नवरा गेलेल्या बाईने तो काढायचा नाही. आता पुरुषही कागदावर काढून विकतात, त्यांचं त्यांना ठाऊक. माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली. मी काढत नाही.

बाईंना मात्र चौकच हवा. “मावशी, चौकाशिवाय ऑथेंटिक वाटणार नाही.”

“लग्न कुणाचं आहे?” मी विचारलं.

बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करते.

शेवटी ठरलं ते असं. मी भोवतीचं सगळं काढीन, झाडं, जाळी, नाच, आमच्या खिडकीतून दिसणारी मेट्रोपॉलिटन लाइनची गाडीसुद्धा. मधला चौकोन रिकामा राहील. माझं चित्र भिंतीवर लागेल ते याच अटीवर. बाई “हो हो, लव्हली” म्हणाल्या. दोन महिने मी जेवणाच्या टेबलावर काम केलं. लेक आणि जावई मांडीवर ताट घेऊन जेवले.

प्रदर्शनाच्या दुपारी लेकीबरोबर हॉलमध्ये गेले. लांबूनच दिसलं. मधल्या चौकोनात देवी बसलेली. जवळ गेले तर स्टिकर. चहाच्या कपाखाली ठेवायच्या तबकड्यांवर छापतात ना, तसली, गुळगुळीत आणि पांढरीफट्ट.

लेक म्हणाली, “आई, मी बोलते त्यांच्याशी. तू बस.”

मी बसले नाही. नखाने कोपरा उचलला आणि ओढला. गोंद चांगला जाड लावला होता, स्टिकरबरोबर पुठ्ठ्याचा वरचा थरही निघून आला. मध्ये ओबडधोबड खड्डा. हॉलमधली माणसं हातातले ग्लास धरून बघत राहिली.

बाई धावत आल्या. “अहो मावशी, हे काय? किती रिकामं दिसत होतं ते. लोकांना वाटलं असतं, अर्धवट राहिलंय.”

“वाटू दे.”

“स्टिकरच तर होता.”

“ताई, तुमच्या लग्नात अंतरपाटासमोर नवऱ्याऐवजी त्याचा फोटो उभा केला असता, तर चाललं असतं?”

लेक तोंडावर ओढणी धरून खोकायला लागली. बाई चित्राकडे वळल्या. मला वाटलं, कळलं. पण त्या खड्ड्याकडे बघत होत्या. एक गोरे गृहस्थ तिथे येऊन मान तिरकी करून उभे राहिले होते, आणि त्यांना ते आवडलेलं दिसत होतं. बाईंनी लगेच पेन काढलं. “मावशी, आपण खाली लिहू या का, की फाटलेला मध्य म्हणजे विस्थापनाची जखम?”

म्हणजे माझं नको म्हणणं त्यांना वाचता येईना, आणि स्वतःच्या गोंदाने केलेला सत्यानाश मात्र त्यांना लगेच वाचता आला.

“फाटलं ते तुमच्या गोंदाने,” मी म्हणाले. “तेवढंच लिहा.”

ते काही त्यांनी लिहिलं नाही. मग मी लेकीला म्हटलं, धर ती बाजू. आम्ही चित्र भिंतीवरून उतरवलं, अंगावरच्या शालीत गुंडाळलं आणि ट्रेनमध्ये दोन सीटवर आडवं ठेवून घरी आणलं. पुन्हा कधी कुठल्या भिंतीवर लागेल, माहीत नाही. बाईंच्या तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं, जावयाचे बूट होते. त्याचा तुकडा कापून खड्ड्यात बरोबर बसवला, वरून चहाचा चोथा चोळला. लेक ड्यूटीवरून आली, चित्रावर वाकली. म्हणाली, “आई, इथे काही होतं असं वाटतच नाही.”

“नव्हतंच,” मी म्हटलं, आणि टेबल पुसून तिला ताट वाढलं.