दहा बोगद्यांची रेल्वे

“तुमचं ‘उद्या’ मी दोन वर्सांपासून आयकून राह्यली,” अख्तरी नवऱ्याला म्हणाली. “परवा आपल्या पोरीले, सुलतानाले पाहाले ब्रह्मपुरीचे पाहुणे येतीन. त्यायले का तुमच्या पुलावर बसवू?”

“उद्या खरंच बैलगाडी येते. रेल्वे खाणीच्या क्लबात गेली का बैठक तुयी.” नईम मिस्त्रीचा हात थांबला नव्हता. सावरीच्या कापसाच्या मेंढ्या तो बैठकभर मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या टेकडीवर चिकटवत होता.

“जाऊ दे बापा एकदाची,” खाटेवरून त्याची अम्मा म्हणाली. “आपल्याच घरात आडवं होऊन चाला लागते.”

नईम माजरीच्या कोळसा खाणीत सुतार होता. खाणीचे इंजिनिअर मॅक्रे साहेब पंचावन्न साली स्कॉटलंडला परतले, तेव्हा त्याला अकरा फोटो देऊन गेले. साहेबांचे वडील तिकडच्या ज्या रेल्वेवर ड्रायव्हर होते, ती बंद पडली होती, रूळही उखडले होते. टेकडीवरून ओळीने घेतलेल्या त्या फोटोंतच काय ती उरली होती. बनव म्हणून साहेब बोलले नव्हते. नईमलाच करमेना.

फोटोतला हमाल म्हणजे आपला अंगठा, हे माप त्याने धरलं आणि त्यात तसूभर ढिलाई केली नाही. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे रूळ, सागाचे काडीएवढे स्लीपर, फुटक्या दिव्याच्या पितळेचं इंजिन. पुलाची एक कमान अर्धा अंगठा बुटकी झाली म्हणून त्याने सातही कमानी पाडल्या होत्या. अख्तरीने तेव्हा तीन दिवस अबोला धरला. पण नवा पूल दाखवायला शेजारणींना तिनेच बोलावलं. एका फोटोतले रूळ दुसऱ्यातल्या रुळांशी मात्र कधी जुळत नसत. तशा प्रत्येक सांध्यावर त्याने बोगदा घातला होता.

अख्तरी फोटो पाकिटात भरू लागली. दोन फोटो मांडीवर शेजारी पडले आणि तिचा हात थांबला. एकातली तुटलेली दगडी भिंत दुसऱ्यात सरळ पुढे गेली होती. रूळही. ती खाणीतल्या बायकांचे कपडे शिवायची. उलटी लागलेली बाही तिला लांबून दिसे. तिने फोटोंच्या मागे लिहिलेले आकडे पाहिले. एक डावीकडे होता, दोन उजवीकडे. नईमने जन्मभर उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दूच वाचलेली. त्याने एक नंबरचा फोटो उजव्या टोकाला ठेवून रेल्वे डावीकडे मांडत नेली होती.

उद्या बैलगाडी येणार होती. गप्प बसलं तर बैठक मोकळी होणार होती.

“अजी,” ती म्हणाली, “या फोटोत बोगदा एकबी नाई.”

तिने अकराही फोटो जमिनीवर डावीकडून लावून दाखवले. नईमने उकिडवं बसून रुळांवरून बोट फिरवत नेलं. समुद्रापासून गावापर्यंत रूळ कुठेच तुटत नव्हते.

“राहू दे,” शेवटी तो म्हणाला. “क्लबात कोणाले समजते?”

हे वाक्य अख्तरीने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दारं-खिडक्या करताना नाही, खाणीत टेकू ठोकताना नाही. तिला ते मुळीच आवडलं नाही.

तिने चुलीपाशी बसलेल्या सुलतानाला हाक मारली, अम्माकडे तोंड केलं.

“बैलगाडीवाल्याले नको म्हणून सांगा. पाहुणे आंगणात बसतीन, चटया टाकू. रेल्वे उलटी लागली हाये. सुलटी झाल्याबिगर ते घराबाहेर जात नाई.”