बाजारापर्यंतची सात बाकं

सुतार कमी बोलणारा, पण कामाला पक्का. त्याच्या हातचं दार कधी कुरकुरलं नाही. कुरकुर करायला घरात बायको आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ती आतून म्हणायची, "ऐकू येतंय बरं का."

चार वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. तेव्हापासून भाजी, औषधं, सुईदोरा सगळं तोच आणायचा. "तू बस, मी आहे ना." बायकोला आपण तळहातावर जपतो, याचं त्याला मनातून समाधान होतं.

गावाचीही रया गेली होती. कारखाना बंद पडला, तरुण पोटामागे गेले, बाजाराचा रस्ता ओस पडला. मग नियोजन कार्यालयातली एक मुलगी आली. तिनं ना नकाशा पसरला ना भाषण ठोकलं. शाळेच्या वर्गात लोकांना बसवून एकेकाला एवढंच विचारलं, "घरातून निघून तुम्ही कुठपर्यंत जाता?"

सुताराच्या बायकोला शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तिची पाळी आली.

"खिडकीपर्यंत," ती म्हणाली. "चालता येतं मला. पण शंभरेक पावलांवर टेकावं लागतं, आणि टेकायला रस्त्यात काही नाही."

सुतार मागे उभा होता. चार वर्षांत त्यानं हे विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं पिशवी घेऊन निघायचात. कशाला मोडता घालू? पण खरं सांगू का, तुम्ही आणता ते टोमॅटो बघून विकणारासुद्धा हसत असेल. एकदा मला स्वतः निवडायचेत. आणि पायांनी जायचंय, पुन्हा माझी अशी वरात काढायची नाही."

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर चालला. ती धापा टाकत थांबली तिथं त्यानं खडूनं खूण केली. पुढचा रस्ता तिच्याएवढीच आखूड पावलं टाकत त्यानं एकट्यानं मोजला. बाजारापर्यंत सात खुणा झाल्या. लाकूड त्या मुलीनं मिळवून दिलं.

बाकं त्यानं नेहमीपेक्षा उंच केली, दोन्हीकडे हात ठेवले, म्हणजे रेटा देऊन उठता येईल. पहिल्या बाकावर ती बसली, तशा शेजारणी येऊन बसल्या. दुसऱ्यापाशी न्हाव्यानं आपली खुर्ची मांडली. तिसऱ्यावर निवृत्त मास्तर मोठ्यानं पेपर वाचू लागले. आपण ओळखत नाही अशी माणसं आपल्याच गावात राहतात, हे लोकांना नव्यानं कळलं. ती रोज संध्याकाळी शेवटच्या तयार बाकापर्यंत जायची आणि दहा घरच्या बातम्या घेऊन परतायची.

पाचवं बाक बसलं. तिथून बाजाराचं छप्पर दिसायचं. सहाव्याचा सांधा मात्र सुताराच्या मनासारखा होईना. त्यानं तो दोनदा उकलला.

"अहो, खडबडीत चालेल. मला बसायचंय, त्यात तोंड नाही बघायचं."

"रस्त्यावर माझ्या हातचं काम राहणार आहे. आठ दिवस थांब."

आठाचा महिना झाला. सहावं बाक सुताराच्या पडवीत पॉलिश वाळायची वाट बघत होतं, त्या सकाळी ती चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरा दिवसही न थांबता सुतारानं रंधा हाती घेतला. सातवं बाक त्यानं चार दिवसांत उरकलं. त्याचा एक पाय किंचित कमी आहे. बसलं की डुगडुगतं. त्यानं ते तसंच ठेवलं.

आता त्या रस्त्यावर बंद पडलेली तीन दुकानं उघडली आहेत. दुसऱ्या गावांतली माणसं बघायला येतात. मागे एकानं वही उघडून त्याला विचारलं, "अंतर अगदी बरोबर साधलंय तुम्ही. कशावरून ठरवलं?"

  "मोजलं" एवढं म्हणून सुतार पाठमोरा झाला.

बाजारात तो अजून जातो, पण मागच्या गल्लीनं. ती वाट लांबची आहे, चिखलाची आहे, आणि तिथं बसलेलं कोणी भेटत नाही.