निवटी दिसली काय?

किस्से कसे साठतात म्हणाल, तर मिठी नदीच्या तोंडाशी कचरा साठतो तसे. एका रविवारी उपसावेत, पुढच्या भरतीला पुन्हा तेवढेच! माहीमला, जिथं मिठी खाडीत उतरते, तिथं आम्ही काही म्हातारे दर रविवारी सकाळी प्लास्टिक वेचायचो. मी आणि गोपाळ डिलाईल रोडचे, एकाच गिरणीतले. प्रधानसाहेब दादरचे, रिटायर्ड हेडक्लार्क, गळ्यात कायम दुर्बीण. आणि नाखवा, तिथल्याच कोळीवाड्यातला. आता आमचं जमणं होत नाही, म्हणून सांगून टाकतो.

*

नाखवा आमच्यात सगळ्यात उशिरा आला. आधी नुसता होडीत बसून हसायचा.

"काय रं म्हाताऱ्यांनो, नदीला आंघोळ घालताव?"

गोपाळ मालवणचा. चिखलातनंच ओरडला, "होय! तू पाठ चोळूक ये!"

दिवाळीनंतर एका रविवारी नाखवा खरंच आला, हातात घमेलं घेऊन. हसत नव्हता. त्याच्या मुलानं होडी विकायचं काढलं होतं. डोळे गेले, गुडघे गेले, खाडीत मासळी नाही, होडी कशाला? नाखवा त्याला म्हणाला होता, "नारळी पुनवेपर्यंत थांब. तवर निवटी दिसली तर होडी ऱ्हाईल. नाय दिसली तर तुझी मर्जी."

निवटी म्हणजे बोटभर मासळी. ओहोटीला चिखलावर टणाटणा उड्या मारते. तरुणपणी आम्ही सुट्टीच्या दिवशी नाखवाच्या आईकडून निवट्या घ्यायचो. जिवंत! घरापर्यंत पिशवी हातात नाचत यायची. मग पाणी काळं झालं, आणि आमच्या काठावरची निवटी कुठं गेली ती गेलीच.

*

गिरणीत एक शिस्त होती. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय साचा, म्हणजे आपला माग, सोडायचा नाही. गोपाळच्या अंगात ती भिनलेली.

एकदा भरती चढायला लागली, आम्ही सगळे वर आलो. गोपाळ तिवरांच्या झाडांत गुडघाभर पाण्यात उभा.

"अरे, वर ये!"

"माझ्या जाग्यार कोण येता, ता सांगा!"

"कोणी येत नाही! आज काम बंद!"

"तसा सायबानं सांगूक व्हया!"

पाणी मांड्यांना लागलं. शेवटी प्रधानसाहेबांनी दुर्बीण बाजूला केली आणि ठेवणीतला हेडक्लार्कचा आवाज काढला, "गोपाळराव, तुमची पाळी भरली. निघा!"

तेव्हा आला वर. कंबरेपर्यंत भिजून!

*

थंडीत साहेबांनी दुर्बिणीतून एक पाहुणा पक्षी दाखवला. बर्फाच्या मुलखातून येतो, किती डोंगर, किती समुद्र ओलांडतो, सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ सांगत होते. गोपाळनं नीट ऐकून घेतलं.

"इतक्या लांबसून येवन ह्या वासात उतारलो? म्हणजे हयसर सासुरवाडी असतली त्याची!"

साहेब रागावतील असं वाटलं. पण पुढच्या रविवारपासून तेच विचारायला लागले, "काय हो, जावई आले का?"

*

उन्हाळा आला तरी निवटी नाही. आम्ही एक डोळा प्लास्टिकवर, एक डोळा चिखलावर ठेवून काम करायचो.

एकदा गोपाळला काहीतरी हललेलं दिसलं. ओठांवर बोट ठेवून आम्हाला थांबवलं. मांजरासारखा रांगत गेला आणि घातली झडप! हातात आला रबरी चपलेचा अंगठा.

आम्ही पोट धरून हसलो. नाखवा हसला नाही. चपलेचा तो तुकडा घेऊन त्यानं घमेल्यात टाकला आणि पुन्हा वाकला.

*

पुनवेच्या आधीचा शेवटचा रविवार. नाखवाचा मुलगा गिऱ्हाईक घेऊनच काठावर उभा. ओहोटी लागलेली. आम्ही तिवरांच्या मुळाशी वाकलेलो.

एकदम नाखवा ओरडला, "ती बघा! ती!"

आम्ही बघितलं. चिखल होता. चिखलात एक लहानसं बीळ होतं. आणि नाखवाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मुलगा धावत आला. "कुठाय?"

"गेली बिळात."

"काका, तुम्ही बघितली?"

"ह्येवढी!" गोपाळनं हातभर दाखवली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला शेपटी दिसली, बाबा."

पोरगा काही दुधखुळा नव्हता. "तुम्ही दोघं राहू द्या. साहेब, तुम्ही सांगा."

साहेबांची एक वही होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तीत चिमणीसुद्धा लिहायची नाही. आम्ही तिघांनी शपथेवर सांगितलेला खंड्या त्यांनी लिहिला नव्हता! अख्खा कोळीवाडा त्या वहीला मानायचा.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. बिळाकडे पुष्कळ वेळ बघितलं. नाखवाकडे बघितलंच नाही. मग वही उघडली, आणि मला अक्षर लागत नाही म्हणून नेहमीसारखं लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले,

"निवटी. एक."

मुलगा काठावर परत गेला. गिऱ्हाईकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला रस्त्याकडे घेऊन गेला.

नाखवा चिखलातच बसून होता.

"दोन लिवा, सायेब," तो म्हणाला. "एकटी कशी ऱ्हाईल ती?"