गुरम्माची घुंगरकाठी

उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ माझी थोडी जमीन आहे. यजमान गेल्यापासून ती गुरम्मा आणि तिचा नवरा संगप्पा बटईने करतात. दोन वर्षांपूर्वी संगप्पाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि बैलांचं सगळं गुरम्मावर आलं. त्याआधी तिनं कासरा कधी हातात धरला नव्हता. बैलाच्या समोरून जायचं झालं तरी ती भिंतीला लागून जायची.

"मारून शिकवायचं बळ न्हाई माझ्यात, अक्का," ती मला म्हणाली होती. "गुळावर जेवढं शिकतील तेवढं."

गोठ्यात एकाच गाईचे दोन देवणी गोऱ्हे होते. काळ्या तोंडाचा तो वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेला तो शेवरा. गुरम्मानं एका काठीला घुंगरं बांधली. आधी काठी वाजवायची, मग गव्हाणीत गूळ आणि पेंड टाकायची. दोघेही लवकर शिकले, पण सारखं शिकले नाहीत. घुंगरं वाजली की शेवरा सरळ गव्हाणीत तोंड घाली. काठीकडे बघतही नसे. वानेरा मात्र गूळ सोडून काठीकडेच येई, ती चाटत बसे. एकदा गुरम्मानं कौतुकानं ती घुंगरं त्याच्याच गळ्यात बांधली, तर तो त्यांना तोंडात धरायला म्हणून स्वतःभोवतीच गरगर फिरत राहिला. त्या दिवशी औताला जुंपताच येईना. संगप्पा बाजेवर पडून हसत होता. जड झालेल्या जिभेनं म्हणाला, "ह्याला गूळ नको. वाजणारी बायको पायजे."

पुढे शेजारच्या शंकरप्पानं रानडुकरांसाठी विजेच्या झटक्याची तार ओढली. गाव आणि शेत यांच्यामधल्या ओढ्याच्या उतारावर, बाभळीजवळ, एक दिवस ती तार सुटून गाडीवाटेत पडली आणि दोन्ही बैलांच्या नाकाला लागली. शंकरप्पानं हळहळून तार आत घेतली. तारेला झटका देणारं यंत्र मात्र तिथल्या खांबावर टिकटिकत राहिलं.

त्या एका झटक्यानं दोघांना दोन वेगळ्या भीती लागल्या. यंत्र बंद असलं की वानेरा त्या उतारावरून खुशाल जाई, मात्र टिकटिक ऐकली की थरथर कापे. एकदा गावात उभ्या ट्रॅक्टरचा वळणाचा दिवा टिकटिकला, तर गाडीसकट उधळला. शेवऱ्याला आवाजाचं काहीच नव्हतं. पण ती बाभूळ दिसली की तो खाली बसे. उठवूनही उठत नसे. शेवटी गुरम्मा लांबच्या पुलावरून ये-जा करू लागली.

गेल्या सप्टेंबरात सोयाबीन बघायला मी गेले होते. संगप्पालाही रान बघायचं होतं, म्हणून त्याला बैलगाडीत घालून आम्ही सकाळी शेतातल्या आखाड्यावर, खोपीत गेलो. पाऊस चार दिवस लागलेलाच होता. दुपारनंतर वरच्या अंगाला काय झालं कोण जाणे, सोयाबीनच्या तासांतून पाणी चालत येताना दिसलं. हळूहळू, आवाज न करता. बघता बघता ते खोपीच्या उंबऱ्याला लागलं. फोन लागत नव्हता. गुरम्मा पुलापर्यंत पळत जाऊन आली. पूल दिसत नाही, एवढंच म्हणाली.

राहिला तो बाभळीचा उतार. तिथं ओढा रुंद आणि खडकाळ आहे, पाणी पसरतं. पण ते चढत होतं. संगप्पाला उचलून नेणं आम्हा दोघींच्या हातचं नव्हतं. गाडी पार झाली तरच तो वाचणार होता. त्यालाही ते कळलं होतं. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या मुठीत धरून तो आभाळाकडे बघत पडला होता. मला सोडून तुम्ही जा, असं त्यानं दोनदा सांगून पाहिलं. गुरम्मानं ऐकलं नसल्यासारखं केलं.

गाडी जुंपून आम्ही निघालो. बाभूळ दिसली आणि शेवरा जू ओढून खाली बसला. त्याच वेळी पाण्याच्या आवाजातूनही खांबावरची टिकटिक आली आणि वानेरा मागे रेटू लागला. एक बसलेला, एक मागे सरकणारा, आणि चाकांना पाणी लागलेलं. मिशनच्या शाळेत सिस्टरनी पाठ करून घेतलेली प्रार्थना मी म्हणायला गेले, तर पहिला शब्दही आठवेना.

गुरम्मानं माझ्या खांद्यावरची शाल ओढून घेतली. शेवऱ्याच्या शिंगांपासून नाकापर्यंत ती गुंडाळून घट्ट बांधली. गाठ तिसऱ्यांदा बसली. डोळ्यापुढची बाभूळ गेली तसा तो फुरफुरला, आणि शेपटी पिळताच उठून उभा राहिला. तिनं कासरा माझ्या हातात दिला. मी जन्मात कधी गाडी हाकली नव्हती. ती काठी घेऊन पाण्यात उतरली आणि पाठमोरी चालत घुंगरं वाजवू लागली.

वानेऱ्याचे कान मागे होते, टिकटिकीकडे. मग एक कान पुढे आला. त्यानं पाऊल टाकलं. जुवाला बांधलेला आंधळा शेवरा त्याच्याबरोबर ओढला गेला.

मधोमध पाणी गुरम्माच्या कमरेला लागलं. एक वाहत आलेला ओंडका चाकावर आदळला, गाडी एका अंगानं उचलली गेली आणि वानेरा गुडघ्यावर पडला. त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं. त्याचे डोळे पांढरे झाले. असा हंबरडा मी कधी ऐकला नव्हता. त्याची ती अवस्था बघून गुरम्माचा हात थांबला. घुंगरं गप्प झाली, आणि त्या क्षणी गाडी खालच्या अंगाला सरकू लागली.

"वाजव," संगप्पा म्हणाला. वारं गेल्यापासून इतका स्वच्छ शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. "त्यो मेला तरी वाजव."

ती वाजवत राहिली. रडत होती आणि वाजवत होती. वानेरा बुडत, धडपडत, त्या आवाजाकडेच येत राहिला. पलीकडच्या चिखलात चाकं रुतली तेव्हा कासऱ्यानं माझे तळवे सोलले होते, आणि मला ते कळलंही नव्हतं.

संगप्पा वाचला. आता बाजेवर उठून बसतो. ओढा उतरल्यावर बैलांना पुन्हा त्याच वाटेनं नेलं, तर शेवरा बाभळीपुढे बसला. त्याचं पहिल्यासारखंच आहे. गोठ्यात काठी वाजली की तोंड गव्हाणीत.

दिवाळीला मी गेले तेव्हा गुरम्मानं मला गोठ्यात नेलं आणि घुंगरं अगदी हलकेच हलवली. वानेरा दावं ताणून भिंतीला जाऊन चिकटला. चारी पाय कापत होते, खाली मुताची धार लागली. तरी त्याची नजर काठीवरच होती. तिच्याकडे जाता येईना आणि तिच्यावरून नजर काढताही येईना.

"माझ्याजवळ येवढंच एक होतं, अक्का," गुरम्मा म्हणाली. "त्याला बोलवायचं."

तिनं काठीची घुंगरं सोडून पदरात बांधली आणि नुसत्या हातावर गुळाचा खडा ठेवून ती उकिडवी बसली. जवळ गेली नाही. तिलाही अजून त्याच्या शिंगांची भीती वाटत होती, ते दिसत होतं. मी दाराशी उभी होते. बऱ्याच वेळानं वानेऱ्यानं मान लांब करून त्या हाताचा वास घेतला, आणि पुन्हा भिंतीला टेकला.

गूळ तळहातावर विरघळत होता. गुरम्मानं हात मागे घेतला नाही.