बियांसकट

धडधाकट प्रकृतीत द्राक्षं विकत घेणारा माणूस साठ सालच्या आसपास अख्ख्या घाटंजीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या समोरच्या घरात राहत होता. बाकी आम्ही द्राक्षांच्या वाटेला जायचो ते घरात कोणी खाटेला खिळलं तरच. कुणाच्या हातात द्राक्षं दिसली की गल्ली कामं टाकून विचारपूस करायला धावे. आमचे हे शेजारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. यवतमाळच्या मोटारीनं काळी द्राक्षं मागवायचे आणि जाळीची पिशवी दोन बोटांवर लोंबकळवत, मुद्दाम बाजारातला लांबचा रस्ता धरून घरी यायचे. थोड्याच वेळात ओसरी भरे. 'काय झालं भाऊ?' 'काई नाई. बसा.' एकदा बसलं की सुटका नसे.

त्यांचा सिद्धांत असा, की द्राक्षाचा गर म्हणजे नुसतं साखरपाणी. खरा गुण सालीत आणि बीत. 'लोखंडाले हवा लागली का जंग धरते. मानसालेबी आतून धरते. हा तुरटपना त्याच्यावरचा इलाज हाय!' पुराव्यादाखल ते वांगं कापत. एका फोडीला द्राक्षाची साल चोळत, दुसरी कोरी ठेवत. बघता बघता दोन्ही फोडी सारख्याच काळ्या पडत. 'हे कमी काळं हाय,' असं ते छातीठोकपणे सांगत. पाहुण्यानं साल थुंकायची नाही, बी गिळायची नाही, चावायची. एकदा शेजारच्या मावशींचा दात बीनं दुखावला. 'पयलेच हालत होता तो,' कंपाउंडर म्हणाले. 'तुमच्या बिया तुमालेच लखलाभ!' म्हणत मावशी उठल्या, तेव्हा मात्र ते दारापर्यंत मागे गेले. 'चहा तरी घेऊन जा, बाई.' बायको गेलेली, लेक लांब दिलेली. त्या घरात त्यांना एकटं बसवत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण माणुसकी झाली तरी कडू बिया किती चावणार? लोक येईनासे झाले. पिशवी दिसली की 'निघाले वांगंवाले' म्हणून हसत.

एका उन्हाळ्यात ते पिशवी घेऊन जवळच्या रस्त्यानं आले, तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी गेलो, तर खाटेवर घोंगडी पांघरून पडलेले. द्राक्षं तशीच.

'मास्तर, तुमी काहून आले?'

'द्राक्षं दिसली.'

'ह्या खेपेले खरंच आजारी हाय,' ते ओशाळून म्हणाले. 'कोनी आलंच नाई.'

मी मावशींना हाक मारली. त्या आल्या, खाटेशी बसल्या आणि एक द्राक्ष तोंडात टाकून बीसकट चावू लागल्या, दुखऱ्या दाताच्या दुसऱ्या बाजूनं. कंपाउंडर आमच्या तोंडांकडे बघत राहिले. त्यांना स्वतःला चाववत नव्हतं. 'अजून एक घ्या,' ते म्हणत, आणि आम्ही घेत होतो. पावसाळ्याआधी ते गेले.

आता वर्तमानपत्रात येतं, की काळ्या द्राक्षांच्या सालीत आणि बियांत अँटीऑक्सिडंट असतात. शरीराला त्यांचा नेमका किती उपयोग होतो, ते म्हणे अजून तपासताहेत. वाचून फार आनंद झाला, पण सांगू कोणाला? मावशीही नाहीत. घरात मी एकटाच. द्राक्षं तर आता हातगाडीवर मिळतात, बहुतेक बिनबियांची. मी बियांची काळी शोधून घेतो, जाळीच्या पिशवीत घालतो आणि बाजारातल्या लांबच्या रस्त्यानं घरी येतो. कोण आजारी आहे, असं कोणी विचारत नाही.