मुठीला अडकलेला कापूस

चौसाळ्याच्या हमरस्त्यावर विश्वेश्वर आप्पांचं लोखंड कातायच्या लेथ मशीनचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा आणि उमाबाईचा संसार. उमाबाई धर्मापुरीच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. अंबाजोगाईच्या कॉलेजात बी.ए. झालेली. लग्नानंतर सहा महिने ती भाकरीला लोखंडाच्या किसाचा वास येतो म्हणून रडली. पुढं अशी सवय झाली, की मशीनचा आवाज थांबला तरच तिला चैन पडेना. आवाज थांबला म्हणजे आप्पा डोळे मिटून तयार तुकड्यावर अंगठा फिरवतायत, हे तिला आतूनच कळे. पंचक्रोशीतले शेतकरी म्हणत, "मोजपट्टी चुकंल, आप्पाचा अंगठा न्हाई चुकायचा."

श्रावणापासून तिला त्या अंगठ्याचाच घोर लागला होता.

आप्पा रोज पूजेनंतर तीन बोटांनी कपाळावर भस्म ओढत. तीन सुटसुटीत रेघा. श्रावणातल्या एका सोमवारी त्या रेघा एकमेकींत मिसळल्या. तिला वाटलं, भस्म जास्त ओलं झालं असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच. मग एकदा त्यांनी गॅसवरचं पातेलं सांडशीशिवाय उचललं, सावकाश ओट्यावर ठेवलं आणि चहा मागितला. अर्ध्या तासानं बोटावर फोड आला.

"अहो, पोळलं ते कळलं नाही तुम्हाला?"

"काय न्हाई गं. कामाच्या माणसाचं कातडं जाडच असतं."

तिनं पुन्हा विचारलं नाही, पण तेव्हापासून तिची नजर त्यांच्या हातांवरून हटेना.

दिवाळीला त्यांची लेक ईश्वरी पुण्याहून आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं बॅगेतून वीतभर लांब ॲल्युमिनियमची मूठ काढली, तिच्यात दुधी रंगाची लांब नळी बसवली आणि बटण दाबलं. नळी निळी पेटली. पंपाचा शाफ्ट घेऊन आलेला शेतकरी आश्रुबा दारातच थबकला.

"आप्पा, ही तर ट्यूबलाइट हाय की! चोक कुठं बसवता?"

"तलवार आहे, काका," ईश्वरी म्हणाली. "आमचा कॉलेजात गट आहे. दोघांनी खेळायचं. समोरच्याच्या अंगाला टेकली की गुण."

"मंग वीज गेल्यावर कसं लढता?"

"आत बॅटरी असते!"

आप्पा हसत होते, पण ईश्वरीनं तळहात पुढं केला तेव्हा थांबले. बोटांच्या मुळाशी फोड होते. विकत आणलेली मूठ जाड होती, घामानं निसटायची आणि ऐन खेळात अंगठा बटणावर पडून तलवार विझायची. आप्पांनी मूठ नळीसकट एका बोटावर आडवी धरली. नळी खाली झुकली.

"तोंडाकडं लई जड हाय. असा कोयता दिला असता, तर ऊसतोड्यानं माझ्याच अंगावर फेकला असता."

भाऊबीजेनंतर पोरगी माप देऊन परत गेली. पुढच्या रविवारी पुण्यात स्पर्धा होती आणि तिला सहा मुठी हव्या होत्या, एक स्वतःसाठी, पाच मैत्रिणींसाठी. आप्पा कामाला भिडले. मुठीला मध्ये बारीक कंबर दिली, ओला हात घसरू नये म्हणून शेवटाला कोयत्याच्या दांड्यासारखा फुगवटा ठेवला. बॅटरी पार मागं सरकवली, त्यामुळं तोल मागं सरकून मुठीपुढं चार बोटांवर थांबला. बटण खोलगट जागेत बसवलं आणि पकडीसाठी बारीक खाचा पाडल्या. तीस वर्षं पंपांचे शाफ्ट आणि बुश करणारा माणूस त्या आठवड्यात शीळ घालत होता. उमाबाईला मात्र ती शीळ ऐकवत नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती कार्तिकाच्या वाती वळत बसली होती. आप्पांनी सहा मुठी तिच्यापुढं ठेवल्या.

"उद्या सकाळच्या गाडीनं पाठवायच्या. बघ, लोण्यावानी झाल्यात." ते पुन्हा मशीनकडं गेले.

हातातला कापूस तसाच ठेवून तिनं एक मूठ उचलली. कापसाची एक तार खाचेच्या कडेला अडकून राहिली. तिनं ओढली, ती तुटली. तिनं मुद्दाम कापूस सगळ्या मुठीवरून फिरवला. बटणाच्या भोकाशी आणखी दोन तारा. दुसऱ्या मुठीला तसंच. सहांतल्या चार मुठी केसाळ झाल्या. तिनं बोट लावलं, तर केसाएवढ्या धारेनं कातडी चिरली.

पोरगी हीच मूठ जीव तोडून आवळणार होती.

तिनं हळूच दुकानातून पॉलिशचा कागद आणला. सांगायचंच कशाला? घासून टाकावं, पार्सल बांधावं, त्यांच्या अंगठ्याची अब्रू राखावी. एक मूठ तिनं घासली. कापूस सरळ सरकला. दुसरी हातात घेतली, तेवढ्यात बाहेर मशीन पुन्हा सुरू झालं. ज्या बोटांना पातेलं कळलं नाही, त्यांना फिरतं मशीन कळेल?

ती तशीच उठली. लग्न झाल्यापासून तिनं त्या मशीनच्या बटणाला कधी हात लावला नव्हता. तिनं ते बंद केलं.

"कावून बंद केलं?"

तिनं कापूस अडकलेली मूठ त्यांच्यापुढं धरली.

आप्पांनी मूठ घेतली. अंगठा फिरवला. कापूस दिसत होता तिथंच पुन्हा फिरवला. मग स्टुलावर बसले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"आखाडापासून." मूठ मांडीवर ठेवून ते म्हणाले, "लोक माझ्याकडं मशीनसाठी येतात व्हय? मशीन बीडात पन्नास हायत. लोक अंगठ्यासाठी येतात."

"आणि उद्या अंगठाच मशीनमध्ये गेला म्हणजे?"

"बोललीस! बी.ए. झालीस ते असलं अभद्र बोलायला?"

"नाही. वाती वळायला झाले. सोमवारी बीडला डॉक्टरकडं यायचं. येणार असाल तरच हे पार्सल जाईल."

आप्पांनी तिच्या हातातला कागद घेतला आणि खाच घासली. मग मूठ तिच्याकडं सरकवली. "बघ." तिनं कापूस फिरवला. अडकला. "अजून." दिवेलागणीपर्यंत दोघं तेवढंच करत होते, आणि तिच्या प्रत्येक "अजून"ला आप्पा "सासूबाईंना अजून पसंत न्हाई" म्हणत होते.

रविवारी संध्याकाळी ईश्वरीचा फोन आला. "आई, दुसऱ्याच फेरीत हरले. समोरची फार चपळ होती."

आप्पांनी फोन ओढून घेतला. "हात दाखव."

"आप्पा, फोनवर कसा दाखवू?"

"मंग सांग. बोटांच्या मुळाशी काय हाय?"

"काही नाही. घाम आला, पण मूठ हलली नाही."

"मैत्रिणींच्या?"

"त्यांच्याही हाताला काही नाही. बाकीच्या मुली मुठी कुठून आणल्या ते विचारतात."

फोन ठेवून आप्पा हसले. उमाबाईला हसता आलं नाही. रात्रभर ती कूस बदलत राहिली. डॉक्टर काय म्हणतील, साखर निघेल की नस दबलेली असेल, बोटांची जाणीव परत येईल की नाही.

सोमवारी पूजा आटोपून आप्पांनी भस्माची वाटी उचलली, थांबले आणि ती तिच्यापुढं धरली. "गाडी चुकंल. तूच ओढ."

ती घाईनं पुढं झाली. तीन बोटं भस्मात बुडवली आणि त्यांच्या कपाळावर ओढली. तिसरी रेघ वाकडीच आली.

"सरळ आली का?" आप्पांनी विचारलं.

"चला आता," ती म्हणाली आणि दाराला कुलूप लावलं.