छत शाबूत दिसलं तरी

मिलिंदच्या बायकोचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, म्हणून कट केला. लगेच दुसऱ्यांदा आला, तेव्हा उचलला. "मिलिंद गेला गं," एवढंच ती म्हणाली. हार्ट अटॅक, वय बावन्न. परदेशातल्या या टार्निट उपनगरात आमची घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर, पण लॉकडाऊनमुळे अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती आणि त्या दहांत मी नव्हते. लॅपटॉपवरच निरोप घेतला... कॅमेरा मागच्या कोपऱ्यात लावला होता, मिलिंद धड दिसलाही नाही.

मिलिंद आणि मी दोघंही पुण्याचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर, एकाच कंपनीत. त्या वर्षी एक वेगळंच काम आलं होतं. युद्ध चालू असलेल्या एका देशातल्या शहराची किती पडझड झाली आणि पुन्हा काय काय बांधावं लागेल, हे ठरवायचं होतं. तिथे जाणं शक्यच नव्हतं. उपग्रहाचे फोटो, युद्धाआधीचे आणि नंतरचे, शेजारी शेजारी ठेवायचे आणि प्रत्येक इमारतीपुढे लिहायचं: शाबूत, दुरुस्तीजोगी, की पाडायची. या यादीवरून एक मदत संस्था छावणीतल्या लोकांना घरी परत पाठवणार होती. अर्धी यादी माझी, अर्धी मिलिंदची. तो हे काम घराच्या गॅरेजमध्ये बसून करायचा, आणि इतकं सावकाश की मला चीड यायची. "यार, तुला काय तिथे घरभरणी करायचीये?" मी चिडवायचे. "मला नाही, पण कोणीतरी राहायला जाणारच आहे ना," तो म्हणायचा.

दिवसातून तासभर फिरायची मुभा होती, ती आम्ही मिळून वापरायचो. अशाच एका फेरीत तो म्हणाला, "अगं, त्या मार्केटमागची चार मजली बिल्डिंग तू शाबूत लिहिलीस. तिची सावली आखडलीये."

"फोटोची वेळ वेगळी असेल."

"मग शेजारच्या बिल्डिंगची का नाही आखडली?"

मी जागीच थांबले. छत जसंच्या तसं होतं, म्हणून मी फसले होते. खालचा मजला चेपला होता आणि अख्खी इमारत तेवढी खाली बसली होती. यादी तर दोन दिवसांपूर्वीच पाठवून झाली होती. मिलिंदने तिथेच फुटपाथवर उभं राहून संस्थेला फोन लावला. दोन कुटुंबं सामानासकट आत गेलीही होती. संध्याकाळी त्यांना सुखरूप बाहेर काढल्याचा निरोप आला.

मिलिंद मला एका शब्दाने बोलला नाही, आणि नेमका त्याचाच मला राग आला. वाटलं, हा आता मला सांभाळून घेतोय. मी फिरायला जाणं बंद केलं. "शनिवारी येतेस का? नाही जमलं तर नो वरीज," असा त्याचा मेसेज आला. मी "बघू" लिहिलं आणि गेले नाही. मंगळवारी सुजाताचा फोन आला. लाज मला माझ्या चुकीची वाटत होती आणि ती मी त्याच्यावर काढली... हे आज लिहितानाही जड जातंय.

निर्बंध उठल्यावर सुजाताकडे गेले. ती मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. टेबलावर मिलिंदच्या यादीचे प्रिंट होते, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. "तुझ्या त्या बिल्डिंगनंतर त्याने स्वतःची यादी पहिल्यापासून तपासायला घेतली होती," ती म्हणाली. "त्याचीही एक चूक सापडली, अगदी तशीच. कळवली लगेच. शनिवारी तुला सांगणार होता. म्हणाला, हे ऐकलं की वैशाली परत फिरायला येईल."

खुणा अर्ध्यावर थांबल्या होत्या. उरलेली यादी मी मागून घेतली. आता दर शनिवारी त्या गॅरेजमध्ये बसून तपासते, सुजाता चहा आणून ठेवते. गेल्या आठवड्यात त्याची आणखी एक चूक सापडली. तातडीने कळवली, सुदैवाने आत अजून कोणी गेलं नव्हतं. मग सवयीने मिलिंदला सांगायला म्हणून मी फोन हातात घेतला.